गर्भापर्यंत काय पोहोचते?

मातेच्या उदरातील मूल नाळेने वारेशी जोडलेले असते. वारेत माता व गर्भ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये एक पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू व पोषक द्रव्ये गर्भाकडे जातात आणि त्याज्य द्रव्ये मातेकडे परततात. हा पडदा अपायकारक पदार्थांना अडवून धरतो, अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध निर्धोक म्हणून विक्रीस आले. गर्भवती स्त्रिया ते मळमळीवरही घेऊ लागल्या. पुढे हातपाय खुंटलेली मुले जन्मास येऊ लागली. जर्मनीत डॉ. विडुकिंड लेंझ व ऑस्ट्रेलियात डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ साली या औषधाकडे बोट दाखविले आणि ते मागे घेण्यात आले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालकांना बाधा झाली होती. गर्भाच्या बहुतेक अवयवांची मांडणी पहिल्या आठ आठवड्यांत होते. मातेला दिवस गेल्याची पुरती जाणीवही कित्येकदा तेव्हा नसते.

काही परिणाम तर जन्माच्या वेळी दिसतही नाहीत. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक गर्भवतींना देत. जन्मलेल्या मुली वरकरणी निरोगी होत्या. १९७१ साली बोस्टनचे डॉ. आर्थर हर्ब्स्ट व त्यांचे सहकारी यांनी अशा काही तरुणींत एक दुर्मिळ कर्करोग दाखविला. पुढे अनेकींच्या गर्भाशयाची घडण सदोष आढळली. वंध्यत्व व गर्भपात यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक दिसले. आईने घेतलेल्या गोळीचा परिणाम लेकीच्या मातृत्वावर झाला!

ही उदाहरणे दूरदेशीची झाली. आपल्याकडे मात्र औषध न म्हणविणारा एक पदार्थ आहे, तो म्हणजे मशेरी. पेडणे-डिचोलीच्या वाचकांस तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात व ती दातांना लावतात. दाढदुखीवर उपाय म्हणून आरंभ होतो आणि सवय जडते. तंबाखूतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात व वारेतून गर्भात जाते. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व गर्भाचे पोषण घटते.

मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी करून डॉ. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या सुब्रमणी यांनी २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मशेरी वा अन्य धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. आधीच अशक्त असलेल्या बालकाला एवढी घटही जड जाते.

गोव्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांस प्रतिबंध करणारा कायदा १९९७ साली झाला. परंतु घरच्या तव्यापर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे घरच्यांचे ज्ञानच उपयोगी पडते. दोष त्या मातेचा नव्हे. तिला हे कोणी सांगितलेलेच नसते. दाढ दुखत असल्यास तिला दंतवैद्याकडे न्यावे. तसेच फेफरे, मधुमेह यांसारख्या विकारांवरील औषधे भीतीने आपण होऊन बंद करू नयेत, कारण त्यानेही माता व गर्भ दोघांस धोका संभवतो. कोणतेही औषध घेण्यापूर्वी वा सोडण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. विद्यार्थी मित्रहो, हा धडा घरी अवश्य वाचून दाखवा.