सीएफ आणि जुनाट सायनस : काय करावे, काय टाळावे

काय करावे

• नाक रोज धुवा, बरे वाटते त्या दिवशीही. सीएफमधला, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसमधला, घट्ट शेंबूड आपणहून निघत नाही.
• पाणी किमान 1 मिनिट खळखळ उकळा, झाकून कोमट होऊ द्या आणि रोजचे रोज संपवा.
• औषधाच्या दुकानात मिळणारी, नाक धुण्याच्या मिठाची मापाची पुडी वापरा. घरी करायचे तर 1 लिटर पाण्याला आयोडीन नसलेले 9 ग्रॅम मीठ काट्यावर तोला, चमच्याचा अंदाज नको.
• बेसिनवर पुढे वाका, तोंड उघडे ठेवा आणि धुताना गिळू नका, बोलू नका.
• बाटली प्रत्येक वेळी साबणाने धुवा, झटका, उघडी वाळवा आणि दर 3 महिन्यांनी बदला. ओल्या बाटलीत स्यूडोमोनस हा जंतू वाढतो.
• जलनेतीचा लोटा वापरत असाल तर स्टीलचा घ्या, उकळता तरी येतो.
• आधी धुवा, मग हलके शिंकरा, स्टिरॉइडचा स्प्रे थोड्या वेळाने मारा. उलट केले तर औषध बेसिनमध्ये जाते.
• स्प्रे उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारा, टोक कानाच्या दिशेला ठेवा. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येते.
• थुंकीबरोबर नाकातला स्रावही कल्चरला पाठवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सायनसमधले जंतू फुप्फुसात उतरतात, प्रत्यारोपण केलेल्या नव्या फुप्फुसातही.
• नाक-कान-घशाचे आणि छातीचे डॉक्टर वेगळे असले तरी फाइल एकच ठेवा.
• सीएफची मॉड्युलेटर गोळी चालू असेल तर प्रत्येक डॉक्टरला सांगा; रिफाम्पिसिनने तिचा असर घटतो, क्लॅरिथ्रोमायसिन आणि इट्राकोनॅझोलने तिची पातळी वाढते.
• सायनसच्या ऑपरेशनआधी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि साखर तपासून घ्या; सीएफमध्ये के जीवनसत्त्व कमी पडले की रक्त लवकर थांबत नाही.
• ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून धुणे पुन्हा सुरू करा, कारण पॉलिप (नाकातले मांसल कोंब) परत वाढतात.
• वास येत नसेल तर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवा.

काय टाळावे

• नळाचे, टाकीचे, बोअरचे पाणी न उकळता नाकात घालू नका. आरओचे पाणी पिण्यापुरते ठीक, नाकासाठी तेही उकळा.
• पेट्रोल पंपावरचे बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर तर मुळीच नको. नावावर जाऊ नका.
• नाक पूर्ण चोंदले असेल किंवा कान ठणकत असेल तेव्हा पाणी जोराने रेटू नका.
• दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरू नका.
• नाक मोकळे करणारे थेंब 3 दिवसांपेक्षा जास्त टाकू नका; मग त्यांच्यामुळेच नाक चोंदते.
• झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, स्राव आणखी घट्ट होतो.
• नाकात तूप किंवा तेल सोडू नका, आजीचा आग्रह असला तरी. ते फुप्फुसात उतरू शकते.
• लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका. भाजण्याचा धोका फायद्याहून मोठा.
• मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स आणि स्टिरॉइडच्या गोळ्या विचारल्याशिवाय सुरू करू नका. अशा स्टिरॉइडने साखर चढते.
• केवळ सीटी स्कॅनमध्ये सायनस भरलेले दिसले म्हणून ऑपरेशनला हो म्हणू नका. सीएफमध्ये ते बहुतेकांचे भरलेलेच दिसतात, त्रास किती आहे ते बघा.
• नाक धुण्याची बाटली, नेब्युलायझर, टॉवेल कोणाशीही वाटून घेऊ नका, दोन्ही भावंडांना सीएफ असेल तरीही.
• कूलरमध्ये शिळे पाणी ठेवू नका.
• घरात बिडी-सिगारेट, धूप, डासांची कॉइल नको. देवापुढची उदबत्तीसुद्धा गॅलरीत लावा.
• नाक मिठाच्या पाण्याने धुता म्हणून जेवणातले मीठ कमी करू नका. सीएफमध्ये घामावाटे मीठ जाते, उन्हाळ्यात तर फारच.
• डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान आखडणे, तापासह असह्य डोकेदुखी, यांतले काहीही दिसले तर उद्याच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.