ऐकलेला ख्रिस्त आणि भेटलेला ख्रिस्त

शास्त्रवाचन : योहान 4:1-42



ख्रिस्ताविषयी माहिती असणे वेगळे आणि ख्रिस्ताची ओळख होणे वेगळे. तुम्ही वर्षानुवर्षे उपासनेला जात असाल, वचने पाठ असतील, सेवाही करत असाल. तरीही एखाद्या रात्री मनात प्रश्न येतो : ‘माझ्या आत खरेच काही बदलले आहे का?’ हा प्रश्न मनात आला म्हणून घाबरू नका. कित्येकदा प्रभूच तो विचारत असतो. आजच्या पाठात आपण सूखार गावची शोमरोनी स्त्री आणि आपल्याच मातीतील पंडिता रमाबाई यांच्याकडून याचे उत्तर शिकू या.

1. प्रकटीकरणाच्या दोन बाजू

भर दुपार आहे. याकोबाच्या विहिरीवर प्रभू दमून बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या स्त्रीकडे तो पाणी मागतो. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता, म्हणून तिला नवल वाटते. पुढे हे संभाषण कसे सरकते ते नीट पाहा. आधी पाण्याचा विषय निघतो. मग प्रभू तिच्या आयुष्यातील दुखऱ्या जागेला हात लावतो : पाच नवरे झाले, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही (4:16-18). ती लगेच विषय बदलते. उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात?

आपणही असेच करतो. प्रभू आपल्या घरातील अबोल्याविषयी किंवा लपवलेल्या सवयीविषयी बोलू लागला की आपण धार्मिक चर्चेत शिरतो. प्रभू तिला रागावत नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि मग, ज्या मशीहाची ती वाट पाहत आहे तो मीच, असे उघड सांगतो (4:26).

यातून प्रकटीकरण म्हणजे काय ते कळते. ‘मी कोण आहे’ आणि ‘तो कोण आहे’ या दोन्ही गोष्टी एकाच प्रकाशात दिसणे म्हणजे प्रकटीकरण. फक्त आपले पाप दिसले तर माणूस निराश होतो. फक्त ख्रिस्ताची थोरवी कळली तर ती माहितीच राहते. त्या स्त्रीला कळले की याला माझे सगळे ठाऊक आहे, आणि तरीही हा माझ्याशी बोलतो आहे.

2. रमाबाईंची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात त्या संस्कृत शिकल्या. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी मायेने सांभाळत असलेल्या त्यांनी पाहिल्या. या स्त्रियांवर एवढी माया कशासाठी, असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीचीच गोष्ट सांगण्यात आली. योहानाचा हा चौथा अध्याय त्यांच्या मनाला भिडला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण त्यांची साक्ष इथे संपत नाही. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. काम मोठे होते, नाव झाले होते. तरी मन शांत नव्हते. 1891 च्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचले. हा मनुष्य उपदेशक असूनही आतून कोरडा होता, आणि स्वतःच प्रवचन करत असताना त्याचा पालट झाला. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासले. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता.

हे बोलायला किती धैर्य लागले असेल, याचा विचार करा. आपण जमेची बाजू मांडत राहतो : इतकी वर्षे सेवा, इतके उपवास, इतके दान. रमाबाईंच्या जमेला तर शारदा सदन होते. ते काम खरे होते, चांगले होते. पण तारण कमावता येत नाही, ते कृपेने मिळते, हे उमगल्यावर त्या रिकाम्या हातांनी प्रभूकडे आल्या आणि त्यांना शांती मिळाली.

3. बदल कशावरून ओळखावा?

अश्रूंवरून किंवा अंगावर आलेल्या शहाऱ्यावरून नव्हे. कोणाला मोठा अनुभव येतो, कोणाला शांतपणे उमगते. दुसऱ्याच्या साक्षीशी आपली तुलना करू नका. फळ पाहा.

ती स्त्री घागर तिथेच ठेवून गावात गेली. ज्या आयुष्याविषयी बोलणे तिने टाळले होते, त्याचाच उल्लेख करून ती लोकांना बोलावू लागली (4:28-29). लाज साक्ष झाली.

रमाबाईंच्या बाबतीतही जुनी जखम सेवेची जागा झाली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. फुलहॅममध्ये पाहिले होते तसे, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपा सदनही झाले. साध्या बाईला कळेल असे पवित्र शास्त्र मराठीत असावे म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये देहावसान होईपर्यंत भाषांतर करत राहिल्या.

प्रकटीकरण क्षणात होऊ शकते, पण रूपांतर रोजच्या आज्ञापालनात घडते.

4. आता आम्ही स्वतः ऐकले आहे

गावकरी आधी त्या स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवून आले. दोन दिवस प्रभू त्यांच्यात राहिला. मग ते तिला म्हणाले की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर उभा नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे (4:42). आईवडिलांचा, मंडळीचा किंवा या लेखाचा शब्द तुम्हाला विहिरीपर्यंत आणू शकतो. पाणी तुम्हालाच मागायचे आहे.

मननासाठी

- प्रभूने कोणता विषय काढला की मी बोलणे वळवतो?
- मी माझ्या जमेची कोणती यादी त्याच्यापुढे धरतो?
- या आठवड्यात मला कोणती घागर खाली ठेवायची आहे? ते एका वाक्यात लिहा आणि विश्वासातील एका व्यक्तीला सांगा.

प्रार्थना

प्रभू येशू, तुझ्याविषयी मी पुष्कळ ऐकले आहे. आता तू स्वतः माझ्याशी बोल. मी जसा आहे तसा मला दाखव, आणि तू जसा आहेस तसा मला दिस. माझी लपवलेली जागा तुझ्या कृपेने बरी कर आणि तिथूनच दुसऱ्यांसाठी पाणी वाहू दे. आमेन.