भाजलेला पाव, भेदरं आणि जवसाचं तेल

प्रश्न : पुण्यात शिकणारा माझा मुलगा सुट्टीत घरी आला की तिथे हॉटेलात खाल्लेल्या ब्रुस्केटाचं फार कौतुक सांगतो. कुरकुरीत पावावर टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेल, एवढंच असतं म्हणतो. आमच्याकडे बेकरीत लादी पाव आणि स्लाइस ब्रेड मिळतो. ऑलिव्ह तेल परवडत नाही, बेसिल तर बाजारात कधी दिसलंही नाही. घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल मात्र घरात आहे. ते चालेल का? की सगळी चव त्या ऑलिव्ह तेलातच आहे?
— एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : चालेल. तेल ताजं असेल तर पदार्थ फार चांगला होईल. चव तेलात आहे हा तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे, म्हणून आधी तेलाबद्दलच लिहितो.

या पदार्थाचं मूळ मध्य इटलीतलं. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ऑलिव्हची तोडणी होते, फळं घाण्यावर जातात आणि नवं, हिरवट, घशाला किंचित झोंबणारं तेल निघतं. ते चाखायचं तर शिळ्या पावाचा जाड तुकडा निखाऱ्यावर भाजायचा, त्यावर लसणाची पाकळी घासायची, वरून तेल आणि मीठ. तोस्काना प्रांतात या पावाला फेत्तुंता म्हणतात आणि त्यावर टोमॅटो नसतो. टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला, युरोपात तो 16व्या शतकात पोचला. इटलीत टोमॅटोची पाककृती पुस्तकात छापली गेली ती 17व्या शतकाच्या अखेरीस, नेपल्समध्ये, अंतोनिओ लातिनी यांच्या ग्रंथात. भाजलेला पाव आणि तेल ही जोडी त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा ब्रुस्केटा घरी करायचा म्हणजे पहिली चौकशी करायची ती अशी : आपल्या भागात कच्चं खाण्याजोगं, नुकतंच गाळलेलं तेल कोणतं?

तुमच्या झाडीपट्टीत त्याचं उत्तर जवस हेच आहे. धान निसवून पिवळं पडू लागलं की कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी ओल्या बांधीत जवस फेकायचा, धान कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर तो वाढू द्यायचा, ही उतेऱ्याची पद्धत तुमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नांगरट नाही, पाणी नाही. थंडीत निळी फुलं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक हाती येतं. जवसाच्या दाण्यात साधारण 35 ते 40 टक्के तेल असतं. लाकडी घाण्यावर ते सगळं निघत नाही, काही ढेपेत राहतं, पण निघतं ते फारसं न तापता, आपला वास आणि चव घेऊन निघतं. झुणक्यावर, चटणीवर या तेलाची कच्ची धार घ्यायची सवय विदर्भात जुनीच आहे. पावावर ती धार घ्यायची, इतकाच काय तो बदल.

जवसाच्या तेलाचा एक गुण समजून घ्या, म्हणजे ते कसं वापरायचं हे आपोआप कळेल. त्यातल्या स्निग्धाम्लांपैकी निम्म्याहून जास्त भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-3चा असतो. हे आम्ल हवेतल्या प्राणवायूशी फार लवकर जुळतं. म्हणून जवसाचं तेल पातळ पसरून ठेवलं तर वाळून त्याचा पापुद्रा होतो आणि म्हणूनच ते रंगकामात वापरलं जातं. खाण्याच्या तेलात मात्र हीच क्रिया खवटपणा आणते. तेव्हा हे तेल तळणाला किंवा फोडणीला घेऊ नका. गडद रंगाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा. चांगल्या तेलाला भाजलेल्या दाण्यासारखा वास येतो आणि शेवटी किंचित कडसरपणा जाणवतो. रंगाच्या डब्याचा वास आला तर ते पावावर घालू नका.

इथे एक सूचना जपून वाचा. हार्डवेअरच्या दुकानात अळशीचं तेल म्हणून मिळतं ते अजिबात घेऊ नका. अळशी म्हणजे जवसच, पण रंगासाठीच्या 'डबल बॉइल्ड' तेलात ते लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं मिसळलेली असतात. ते पोटात जाता कामा नये. तेल घाण्यावरूनच घ्या आणि कधी गाळलं ते विचारून घ्या.

घरात कुणाला जवसाचा वास उग्र वाटत असेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल घ्या किंवा दोन्ही निम्मी-निम्मी मिसळा. गडचिरोलीत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेलही अनेक घरांत असतं. ते चुलीवर तापवून वापरण्याचं तेल आहे, थंडीत ते थिजतं, त्यामुळे कच्च्या धारेला उपयोगाचं नाही. त्यात ठेचलेला लसूण परतून ते गरमागरम टोमॅटोवर ओतलं तर वेगळा आणि चांगला पदार्थ होतो, पण तो ब्रुस्केटा नव्हे.

आता पाव. लादी पाव मऊ आणि थोडा गोडसर असतो, ओला टोमॅटो पडला की लगेच बसतो. यावर उपाय म्हणजे पाव आदल्या दिवशी आणायचा. एक दिवसाचा पाव आडवा चिरून दोन भाग करा, रात्रभर कापडावर उघडा ठेवा. स्लाइस ब्रेड घेणार असाल तर बेकरीवाल्याला न कापलेला अख्खा ब्रेड मागा आणि घरी बोटाएवढे जाड काप करा. चहासोबतचा बेकरीचा टोस्ट मात्र नको, तो गोड असतो आणि त्यात बहुधा वेलची असते.

पाव तव्यावर तेल न लावता, मंद आचेवर भाजा. पापड भाजायची जाळी असेल तर आणखी बरं. चूल पेटलेली असेल तर निखारे पुढे ओढून त्यावर जाळी ठेवा. बाहेरून कडक आणि खरखरीत, आतून अजून थोडा मऊ, असा पाव हवा. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यातल्या वाचकांना खास सांगणं : दगडी कोळशाच्या शेगडीवर पाव थेट भाजू नका. त्या कोळशात गंधक असतो, त्याचा धूर पावात उतरतो. लाकडाचा कोळसा घ्या आणि शेगडी मोकळ्या हवेत ठेवा, बंद खोलीत कोणताही कोळसा पेटवणं जिवावर बेतू शकतं.

पाव खरखरीत का हवा, तर लसणासाठी. सोललेली पाकळी गरम पावावर घासली की पावाचा पृष्ठभाग किसणीचं काम करतो. लसूण चिरला किंवा घासला गेला की त्याच्या पेशी फुटतात आणि तेव्हाच त्याचा तिखट वास तयार होतो. अख्ख्या पाकळीला तो वास नसतो. दोनदा हात फिरवलात तर मंद चव येते, पाच-सहा वेळा फिरवलात तर झणझणीत. टोमॅटोत चिरलेला कच्चा लसूण घालण्यापेक्षा ही रीत चांगली, दाताखाली लसणाचा तुकडा येत नाही.

टोमॅटोचं म्हणाल तर हा हिवाळ्यातला पदार्थ आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. एवढ्या उष्णतेत टोमॅटोच्या फुलातले परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. मे महिन्यात बाजारात येतो तो लांबून आलेला, कच्चा तोडून वाटेत लाल झालेला माल. डिसेंबर ते फेब्रुवारीत आठवडी बाजारात येणारं गावरान भेदरं, म्हणजे टोमॅटो, पाहा : पातळ सालीचं, वेडंवाकडं, आंबट आणि रसाळ. चव त्यातच आहे. आणल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण 12 अंशांखालच्या थंडीत टोमॅटोतली वास तयार होण्याची क्रिया मंदावते.

गावरान भेदऱ्याला पाणी फार सुटतं, तेवढं सांभाळावं लागतं. देठाची बाजू काढा, बिया आणि गर चमच्याने वेगळा करा, बाकीच्या करंगळीच्या पेराएवढ्या फोडी करा. फोडींना मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा. खाली साठलेला रस आणि बाजूला काढलेला गर टाकू नका, संध्याकाळच्या वरणात किंवा सारात तो जाऊ द्या.

बेसिलसाठीही शहरात जायला नको. फालुद्यात घालतात तो सब्जा त्याच जातीच्या रोपाचं बी आहे, शास्त्रीय नाव ओसिमम बॅसिलिकम. किराणा दुकानातून सब्जा आणा, पावसाळा संपला की कुंडीत विरळ फेकून वर मातीचा अगदी पातळ थर द्या. आठवड्याभरात उगवतं आणि दीड-दोन महिन्यांत पानं खुडायला येतात. इटलीतल्या वाणापेक्षा आपल्या सब्जाच्या पानाचा वास थोडा उग्र, बडीशेपेकडे झुकणारा असतो, म्हणून पानं कमी घ्या. अंगणातली तुळस ही वेगळी जात आहे, तिचा लवंगेसारखा तिखटपणा टोमॅटोला दाबून टाकतो. सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलात तर चव चटणीकडे वळेल. काहीच नसेल तर पान न घालता करा, काही बिघडत नाही.

चार जणांसाठी प्रमाण असं : मध्यम आकाराची पाच-सहा पिकलेली भेदरी, पावाचे आठ जाड तुकडे, लसणाच्या दोन मोठ्या पाकळ्या, तीन मोठे चमचे जवसाचं तेल, अर्धा चमचा मीठ, सब्जाची सहा-सात पानं. मीठ लावून निथळलेल्या फोडींत दोन चमचे तेल आणि हाताने तोडलेली पानं घाला, दहा मिनिटं मुरू द्या. तोवर पाव भाजा. पाव गरम असतानाच लसूण घासा, वर फोडी ठेवा, उरलेलं तेल थेंब-थेंब सोडा आणि लगेच वाढा. पाच मिनिटं थांबलात तर पाव भिजतो, म्हणून माणसं पाटावर बसल्यावरच पाव भाजायला घ्या. लिंबू किंवा व्हिनेगर नको, गावरान भेदऱ्याचा आंबटपणा पुरतो.

पाव मिळालाच नाही तर ज्वारीची शिळी भाकर घ्या. तिचे तुकडे मंद आचेवर कडक भाजले की लसूण त्यावर उत्तम घासला जातो. तोस्कानातला पारंपरिक पाव बिनमिठाचा असतो, मीठ वरून पडतं. आपली भाकरही बहुतेक घरांत बिनमिठाचीच, त्यामुळे मिठाचा हिशेब इथे जास्त नेमका बसतो. पळसाच्या पानात थापून गोवरीच्या आरावर भाजलेले पानगे उरले असतील तर त्यांचे काप घ्या. त्यांना निखाऱ्याचा वास आधीपासूनच असतो, माझी पहिली पसंती तीच आहे. भेदरी चिरण्याऐवजी आरात भाजून, साल काढून, हाताने कुस्करून वर घातली तरी छान लागतं. भाकर, भाजलेल्या भेदऱ्याची चटणी आणि वर तेलाची धार हे तर तुमच्या घरचं नेहमीचं जेवण. मुलाने पुण्यात खाल्लेला पदार्थ याच घराण्यातला आहे, हे त्याला जरूर सांगा.

शेवटी एक विनंती सगळ्याच वाचकांना. पिशवीतली आणि डब्यातली तेलं घरोघरी आली तसा विदर्भातला जवसाचा पेरा घटत गेला. ताज्या तेलाला गिऱ्हाईक असेल तरच घाणा फिरेल आणि पुढच्या हंगामात कुणीतरी बांधीत जवस फेकेल. ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर खर्च करायचे पैसे मार्च महिन्यात जवळच्या घाण्यावर खर्च करा. अर्धा लिटरच आणा, लवकर संपवा आणि पुन्हा जा.