घर भाड्याचं, बिल कुणाचं?

हॉस्टेलवर राहणाऱ्याला 'युनिट' म्हटलं की एम-थ्रीचं युनिट फोर आठवतं, जे परीक्षेच्या आदल्या रात्री करायचं असतं. विजेचं युनिट त्याच्या आयुष्यात नसतंच. लाईट गेली की कॉरिडॉरमध्ये ओरडायचं आणि आली की टाळ्या वाजवायच्या, एवढाच आपला वीजपुरवठ्याशी संबंध! पण थर्ड इयरला आम्ही चौघांनी हॉस्टेल सोडून जुळे सोलापुरात दोन खोल्या घेतल्या आणि पहिल्याच महिन्यात दाराच्या कडीला एक लांबट कागद अडकलेला सापडला. आमच्यामागून तुमच्यापैकी बरेच जण रूम शोधायला निघणार आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

मी पडलो कॉन्व्हेंटचा. 'आकार' म्हणजे शेप, एवढंच मला ठाऊक. त्या कागदावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी रांगच होती. मला तर तो इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पेपर वाटला. तर मित्रांनो, इथे आकार म्हणजे चार्ज. स्थिर आकार तुम्ही एकही बटण न दाबता द्यायचा. वीज आकार वापरलेल्या युनिटांचा. वहन आकार ती वीज तारांवरून तुमच्या घरापर्यंत आणण्याचा. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळसा वगैरेच्या खर्चात झालेला फरक, तो महिन्यामहिन्याला बदलू शकतो. या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क, आणि ते सरकारचं. दर महावितरण स्वतःच्या मनाने ठरवत नाही, ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवून देतो. आपल्याकडची वडीलधारी मंडळी अजून 'एमएसईबीचं बिल' म्हणतात, पण २००५ च्या जूनमध्ये त्या मंडळाचे भाग झाले आणि बिल देण्याचं काम महावितरणकडे आलं.

आता मुद्द्याचं. किल्ली हातात पडते त्या दिवशी, सामान वर नेण्याच्याही आधी, मीटरचा फोटो काढा. डिजिटल मीटरवर आकडे फिरत असतात, कधी तारीख, कधी व्होल्ट. ज्या आकड्यापुढे केडब्ल्यूएच येतं तोच आपला. फोटोत मीटरचा नंबरही यायला हवा, नाहीतर मीटर कुणाचा हा वेगळाच वाद! फोटो लगेच घरमालकांना पाठवून द्या, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

आमचा एक रूममेट लातूरचा आहे. त्याच्या मोठ्या भावाने त्याला हे बजावून सांगितलं होतं, म्हणून आमच्याकडे फोटो होता. आकडा होता ६४१८. पहिलं बिल आलं त्यात मागील रिडींग ६२५३, चालू रिडींग ६४९८, म्हणजे एकूण २४५ युनिट. त्यातले १६५ आमच्या आधी राहून गेलेल्या मुलांचे आणि आमचे फक्त ८०. शिवाय खाली थकबाकीच्या रकान्यात २३४० रुपये! काकांचं (आमचे घरमालक) म्हणणं, "पोरांनो, बिल खोलीचं असतं, जो राहतो त्यानं भरायचं." चौघांत वाटलं तरी ती रक्कम लहान नव्हती. आमच्यातला एक जण स्कॉलरशिपवर शिकतो आणि ती वेळेवर येत नाही. त्याच्यासाठी हा अर्ध्या महिन्याचा मेस होता. फोटो दाखवल्यावर काका चष्मा लावून ओट्यावर बसले. पूर्वी त्यांचे स्वतःचे यंत्रमाग होते, त्यामुळे युनिटचा हिशेब त्यांना आमच्यापेक्षा चांगला येतो. पाच मिनिटांनी म्हणाले, "बरोबर आहे की! आधीच्या पोरांचं डिपॉझिट माझ्याकडंच आहे, त्यातनं वळतं करतो." न भांडता विषय मिटला.

पण काकांचं वाक्य अगदीच चूक नव्हतं, हेही सांगतो. जुन्या मालकाची किंवा भाडेकरूची वीजथकबाकी त्या जागेला चिकटते, असे नियम अनेक राज्यांत आहेत. असे नियम असतील तर नवीन मालकाकडून ती मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. वीज कंपनीच्या दृष्टीने खांबावरून येणारी तार महत्त्वाची. आत कोण झोपतो त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. बिल भरलं नाही तर अंधार तुमच्याच खोलीत होणार. म्हणून ॲडव्हान्स देण्यापूर्वी शेवटचं बिल मागायचं आणि थकबाकीचा रकाना वाचायचा. भाडेकराराच्या कागदावर 'सुरुवातीचे मीटर रिडींग अमुक' ही एक ओळ घालून घ्यायची. त्याला खर्च शून्य. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक लिहून ठेवा. बिल मालकांच्या नावावर असलं तरी त्या क्रमांकावरून ते बघताही येतं आणि भरताही येतं.

याहून अवघड भानगड म्हणजे सामायिक मीटर. सोलापुरात खाली मालक, वर पोरं आणि मीटर एक, अशी घरं भरपूर. घरगुती दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिले १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे, असे टप्पे आहेत आणि पुढचा टप्पा महाग. दर बदलत राहतात, म्हणून हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. समजा, पहिल्या टप्प्याला ५ रुपये, दुसऱ्याला १० आणि तिसऱ्याला १४. मालकांचा वापर १५० युनिट, आपला १८०. मीटर वेगळे असते तर त्यांचं बिल १००० रुपये आणि आपलं १३००, मिळून २३००. एकच मीटर असल्यामुळे ३३० युनिटांचं बिल होतं २९२०. हे वरचे ६२० रुपये कुणीच वापरलेले नाहीत! ते फक्त एकत्र मोजल्यामुळे वाढले. आता वाटणी कशी करायची? मालक म्हणतात, आमचं नेहमी हजार यायचं, उरलेले १९२० तुमचे. आपण म्हणतो, आमचा वापर १३०० चा. युनिटांच्या प्रमाणात वाटलं तर आपल्या वाट्याला सुमारे १५९३ येतात. मला हे तिसरं उत्तर त्यातल्या त्यात न्याय्य वाटतं, पण त्यासाठी आपले युनिट १८०च आहेत हे कळायला सब-मीटर लागतो. तो नसेल तर बिलाचा वाद दर महिन्याला ठरलेला. काही ठिकाणी मालक सरळ एक ठोक दर सांगतात, युनिटला इतके रुपये. तो दर मान्य करण्याआधी त्यांच्या बिलाला एकूण युनिटांनी भागून बघा. भागाकार तर सगळ्यांनाच येतो ना!

टप्प्यांचा आणखी एक फटका बसतो. मीटर कुलूपबंद गेटच्या आत असेल तर रिडींग होत नाही आणि सरासरीने बिल येतं. मग दोन-तीन महिन्यांचे युनिट एकदम निघतात. ते एकाच महिन्यात धरले तर सगळे महागड्या टप्प्यात जाऊन बसतील, म्हणून ते महिन्यांवर वाटून टप्पे लावले आहेत का, हे तपासायचं. नसेल तर अर्ज घेऊन जवळच्या कार्यालयात जायचं. तक्रारीसाठी १९१२ हा नंबरही आहे.

चार मुलांच्या खोलीत १८० युनिट होतात कसे? दोन पंखे ७५ वॅटचे, दिवसाला १४ तास, महिन्याचे ६३. चार लॅपटॉप, साधारण ६० वॅट आणि ६ तास, म्हणजे ४३. दिवे १४. आणि उरलेले ६० एकटा हीटरचा रॉड खातो! १५०० वॅटचा रॉड वीस मिनिटं चालला की अर्धं युनिट. एवढ्यात पंधरा लिटरची बादली जवळपास २८ अंशांनी तापते (थर्मोवाल्यांनी पडताळून पाहावं). चार बादल्या, रोजचे दोन युनिट. उन्हाळ्यात रॉड सुटतो, पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये कूलर लागतोच, आणि तो ती जागा व्याजासकट भरून काढतो.

पाण्याचं बिल भाडेकरूकडे सहसा येत नाही. पाणीपट्टी महापालिकेची, मालक भरतात. पण आपला खर्च वेगळ्या वाटेने होतो. शहराला पाणी उजनीहून, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटरवरून येतं. शिवाय टाकळी आणि हिप्परगा हे जुने आधार आहेतच. नळाला काही दिवसांआड पाणी ही इथली वर्षानुवर्षांची सवय. त्यामुळे भाडं विचारण्याआधी पाणी कितव्या दिवशी येतं, किती वाजता येतं, टाकी केवढी आणि टँकर मागवला तर पैसे कुणाचे, हे विचारा. पहाटे चारला पाणी येणाऱ्या गल्लीत भाडं कमी का असतं, ते राहायला गेल्यावर समजतं.

गॅसबद्दल थोडक्यात. १४.२ किलोचं घरगुती कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच पत्त्याला. दुसऱ्याच्या पुस्तकावर सिलिंडर घेणाऱ्या मुलांची गोची होते, कारण डिलिव्हरीचा कोड त्या माणसाच्या मोबाईलवर जातो आणि तो नेमका बार्शीला गेलेला असतो! विद्यार्थ्यांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर बरा. किलोमागे महाग पडतो, पण पत्त्याचा पुरावा लागत नाही.

आणि एक मेसेज तुम्हाला येणार, येणारच: 'मागील महिन्याचे बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.' फोन करायचा नाही. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊचा मुहूर्त कुठल्याच कायद्यात नाही.

मे महिन्यात खोलीला कुलूप लावून सगळे गावी जाल, तेव्हाही स्थिर आकार चालूच राहतो. तो चौघांत वाटायचा की जून-जुलैत जो थांबेल त्याने भरायचा, हे कुलूप लावण्याआधी ठरवून घ्या. आम्ही वाटून घेतला. आणि खोली कायमची सोडताना पुन्हा एकदा मीटरचा फोटो, केडब्ल्यूएचचा.