‘सी’ दाबले की गाडी मंद का होते?

प्रश्न : माझ्याकडे 2004 ची पाच गियरची ऑटोमॅटिक मर्सिडीज ई-क्लास आहे. गियरजवळचे ‘सी-एस’ बटण नेमके काय करते? ‘सी’वर गाडी सुस्त वाटते. बिघाड आहे का?

उत्तर : या लक्षणात बिघाड दिसत नाही. आजच्या गाड्यांत एका मोडने इंजिन, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळेच बदलते. त्या पिढीतले हे बटण मात्र फक्त गियरबॉक्सशी बोलते. ‘सी’ म्हणजे कम्फर्ट. यात गाडी दुसऱ्या गियरात निघते आणि वरचे गियर लवकर पडतात. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच पहिला गियर मिळतो. ‘एस’मध्ये सुरुवात पहिल्यानेच होते.

काही जुन्या मॉडेलांवर ‘सी’ऐवजी ‘डब्ल्यू’ असे, म्हणजे विंटर. दुसऱ्या गियरात निघाल्याने बर्फावर चाकांवर कमी जोर पडतो आणि ती जागच्या जागी फिरत राहत नाहीत. पावसाळ्यात चिखलातून गाडी काढताना हाच गुण उपयोगी पडतो. या गियरबॉक्सला रिव्हर्सचेही दोन गियर आहेत. ‘सी’मध्ये मागे जाणे हळुवार होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

गाडीत एअर सस्पेन्शन असेल तर त्याचा कडकपणा वेगळ्या बटणाने ठरतो. दोन्हींची गल्लत करू नये.

दोन्ही मोडमध्ये गाडी दुसऱ्याच गियरात अडकली, तर मात्र ती सुरक्षा-मोडमध्ये गेलेली असू शकते. या गियरबॉक्सच्या आतल्या कंडक्टर प्लेटवरचे सेन्सर जुने होऊन बिघडतात. आधी स्कॅनरने कोड वाचून घ्यावेत. थेट गियरबॉक्स उघडायला परवानगी देऊ नये.