दुधाची दाढ भरताना हिशेब पैशांचा आणि वर्षांचाही

‘पडणारच आहेत, मग भरायचे कशाला?’ दुधाच्या दातांबद्दल घरोघरी हेच ऐकू येतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, हे खरं. दाढा मात्र वयाच्या ९ ते १२ वर्षांपर्यंत राहतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर तिला अजून चार ते सात वर्षं चावायचं आहे आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही राखायची आहे. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: ही दाढ अजून किती वर्षं टिकायला हवी?

खासगी दवाखान्यातले एका दाताचे ढोबळ दर:

ग्लास आयोनोमर सिमेंट (५०० ते १,००० रुपये): दाताला स्वतःहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं, थोडी ओल सोसतं. चुळबुळ्या मुलाला सोयीचं. ड्रिल न लावता, हाताच्या अवजारांनी कीड काढून ते भरलं, तर एकाच पृष्ठभागावरच्या दहापैकी नऊ फिलिंग दोन वर्षांनी शाबूत असतात; दोन दाढांच्या फटीतली सहा-सातच.

कंपोझिट (८०० ते २,००० रुपये): रंग हुबेहूब जुळतो, मजबुतीही जास्त. पण निळ्या प्रकाशाखाली घट्ट होईपर्यंत दात कोरडा राहायला हवा. मधेच लाळ शिरली, तर कडेनं सुटून आत पुन्हा कीड लागते.

स्टीलची कॅप (१,५०० ते ३,००० रुपये): दिसते चंदेरी, पण फार किडलेल्या दाढेवर सर्वांत टिकाऊ. दाताच्या रंगाची झिर्कोनिया कॅप बरीच महाग.

कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली असेल, तर त्या उपचारांचा खर्च वेगळा.

दाभोळच्या पालकांनी या खर्चात एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरीही धरावी. ७०० रुपयांचं फिलिंग दोनदा निघालं, तर दापोलीच्या फेऱ्यांसह ते कॅपच्या घरात जातं. खड्डा लहान असेल तर सिमेंट पुरतं. फटीत कीड असेल तर कॅपबद्दल विचारा.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात, हे निघण्याआधी फोनवर विचारा. खेडच्या योगिता डेंटल कॉलेजातही चौकशी करा. दंत महाविद्यालयांत दर सहसा कमी असतात. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, की मुलाचे दात आवर्जून दाखवा. कीड लहान असतानाच सापडली, तर सर्वांत स्वस्त उपचारही पुरेसा ठरतो.