सगळ्यांना अ‍ॅडमिन करू नकोस गं

अगं, सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं बघायला म्हणून लागलीस आणि बघता बघता सर्व्हरही तुझ्याच गळ्यात पडला, याचं मला जराही नवल वाटत नाही. जिला कॉम्प्युटरचं थोडं बरं कळतं, तिच्याकडे हे काम आपोआप सरकतं. आता मुख्य ऑफिस, शाखा, घरून काम करणाऱ्या मुली, आर्टिकलशिपची पोरं, सगळे एकाच सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने येतात. टॅली तिथे, एक्सेल तिथे, क्लायंटची पगारपत्रकं तिथेच. आणि ऑफिस उघडलं की तुझा फोन वाजायला लागतो. एकाला त्याचा प्रिंटर दिसत नाही. दुसरीला तीस प्रिंटर दिसतात आणि त्यातला आपला कुठला ते कळत नाही. तिसऱ्याने दाबलेली प्रिंट भलत्याच शाखेत निघते, आणि ती नेमकी कुणाच्या तरी पगाराची असते.

खरं सांगू का, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ प्रिंटरमध्ये नसतंच. कुणाला किती अधिकार दिलेत, तिथे असतं. हे एकदा डोक्यात बसलं ना, की निम्मं काम हलकं होतं.

आधी हे बघ, की सर्व्हरवर प्रिंटर येतात दोन वाटांनी. एक म्हणजे माणूस कनेक्ट होताना स्वतःच्या कॉम्प्युटरचा प्रिंटर बरोबर घेऊन येतो. त्या प्रिंटरच्या नावापुढे कंसात ‘रिडायरेक्टेड’ असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे एक आकडा. तो आकडा त्या माणसाच्या सेशनचा. उद्या तोच माणूस पुन्हा लॉगिन झाला की आकडा बदलू शकतो. म्हणून एखादं जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर प्रिंटरचं नाव लक्षात ठेवून बसलं, की दुसऱ्या दिवशी ‘प्रिंटर सापडत नाही’ म्हणून रुसतं. त्याला डिफॉल्ट प्रिंटर वापरायला सांगता येतं का ते आधी बघ. दुसरी वाट म्हणजे तू स्वतः सर्व्हरवर बसवलेला प्रिंटर, ऑफिसच्या नेटवर्कवरचा. या दोन्हींचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: नावात ‘रिडायरेक्टेड’ आहे की नाही?

आता ज्यासाठी मी एवढं बोलतेय ते. रिडायरेक्ट झालेला प्रिंटर साध्या युजरला फक्त स्वतःच्या सेशनपुरता दिसतो. शेजारणीचा प्रिंटर त्याला दिसत नाही. ही सोय विंडोजमध्येच आहे, तुला काही करावं लागत नाही. पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमधल्या माणसाला सगळ्यांचे प्रिंटर दिसतात, कारण ते सांभाळायचा अधिकार त्याला असतो. तेव्हा जिला तीस प्रिंटर दिसतात ना, तिचं अकाउंट आधी उघडून बघ. कुणीतरी कधीतरी ‘हे सॉफ्टवेअर चालत नाहीये’ म्हणून तिला अ‍ॅडमिन करून ठेवलेलं असण्याची शक्यता खूप मोठी आहे. एका माणसाला स्वयंपाकघरातून मीठ हवं होतं म्हणून अख्ख्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा हातात द्यावा, तसं ते झालेलं असतं. तिला साध्या युजरमध्ये आणलंस, की तीसचे दोन प्रिंटर होतात. वेगळी काही जादू करावी लागत नाही.

तू म्हणशील, ताई, पण लोकांना अ‍ॅडमिन करायची वेळ येते कशाला? येते गं, आणि त्यामागे एक खरं कारणही आहे. २०२१च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भगदाड उघडकीला आलं. त्यातून साध्या अकाउंटवरचा माणूसही सर्व्हरचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने घाईघाईने दुरुस्ती काढली आणि ऑगस्टमध्ये नियमच बदलला: प्रिंट सर्व्हरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायचा तर अ‍ॅडमिनचेच अधिकार हवेत. त्यानंतर कितीतरी ऑफिसांत लोकांच्या समोर पासवर्ड मागणारी खिडकी यायला लागली. तिला वैतागून काहींनी तो नियमच रजिस्ट्रीतून बंद केला, काहींनी सगळ्यांना अ‍ॅडमिन केलं. दोन्ही वाटा वाईट. सरळ वाट अशी, की ड्रायव्हर तू सर्व्हरवर तुझ्या अ‍ॅडमिन अकाउंटने एकदा बसवून ठेव. तो तिथे असला की युजरला तो बसवायची गरजच उरत नाही आणि खिडकीही येत नाही.

आता तू बसवलेल्या प्रिंटरचं. नवीन प्रिंटर बसवला की त्यावर ‘एव्हरीवन’ला छापायची परवानगी आपोआप मिळते. म्हणजे रिसेप्शनपासून पार्टनरपर्यंत सगळ्यांना तो दिसणार. पगारपत्रकं छापणारा केबिनमधला प्रिंटर असा उघडा ठेवायचा नाही, बरं का. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचा टॅब उघड, तिथून ‘एव्हरीवन’ काढ आणि ज्यांचं काम आहे त्यांचा ग्रुप टाक. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना हात लावू नकोस. आणि हे नीट ऐक: ‘काढणं’ वेगळं, ‘डिनाय’वर टिक करणं वेगळं. डिनाय हा परवानगीपेक्षा वरचढ असतो. ‘एव्हरीवन’ला डिनाय केलंस तर त्यात तूही आलीस, सरही आले, आणि मग तो प्रिंटर कुणाच्याच कामाचा राहत नाही. माझं मत विचारशील तर डिनायच्या रकान्याकडे जवळजवळ कधीच जाऊ नये.

त्याच टॅबमध्ये तुला तीन अधिकार दिसतील. छापणं, कागदपत्रं सांभाळणं, आणि प्रिंटर सांभाळणं. स्वतःची अडकलेली प्रिंट रद्द करायचा हक्क प्रत्येकाला मुळातच असतो. पण दुसऱ्याची अडकली आणि मागे रांग लागली, तर? तेव्हा सगळे तुझ्याकडे धावतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर एका समजूतदार माणसाला त्या एका प्रिंटरपुरता ‘कागदपत्रं सांभाळण्याचा’ अधिकार दे. तू रजेवर असलीस तरी काम अडणार नाही.

आणि माणसांची नावं एकेक करून कुठेही टाकू नकोस. ग्रुप कर. ‘पगार विभाग’, ‘ऑडिट’, ‘सातारा शाखा’, असे तुमच्या कामाप्रमाणे. प्रिंटरला ग्रुप लाव, फोल्डरला ग्रुप लाव, आणि माणूस फक्त ग्रुपमध्ये घालायचा किंवा काढायचा. आर्टिकलशिपची मुलं दर काही काळाने बदलतात. एक मुलगा गेला की त्याचं नाव कुठे कुठे टाकलं होतं ते शोधत बसायला तुला वेळ आहे का? रिमोटने आत यायची परवानगीसुद्धा अशीच. त्यासाठी ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ नावाचा ग्रुप आहेच. साध्या युजरला सर्व्हरवर यायला तेवढा पुरतो, अ‍ॅडमिनपद लागत नाही.

आता जीव खाणारी एक गोष्ट सांगते, कारण तू हमखास तिच्यापाशी अडकशील. तू ग्रुप बदललास, सगळं बरोबर केलंस, आणि समोरची म्हणते, ‘मला अजून दिसतंय.’ तू पुन्हा तपासतेस, पुन्हा बरोबर. घाबरू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही. कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे विंडोज लॉगिनच्या क्षणी ठरवतं आणि सेशन संपेपर्यंत तेच धरून ठेवतं. आणि आपले लोक लॉगऑफ करतच नाहीत! वरच्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करतात. त्याने सेशन संपत नाही, फक्त तुटतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या सेशनमध्ये जुन्या अधिकारांसकट परत येतात. तेव्हा बदल केलास की त्यांना स्टार्ट मेन्यूतून साइन आउट करून पुन्हा यायला सांग. मग त्यांच्याच सेशनमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘हू-अ‍ॅम-आय’ला ग्रुप्सचा पर्याय लावून बघ, कोणते ग्रुप लागू आहेत ते सगळं समोर येतं. तुटलेली सेशन्स ठरावीक वेळानंतर बंद करायची पॉलिसीही असते. ती लाव, पण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कुणाचं टॅलीतलं अर्धवट व्हाउचर जाणार नाही इतका वेळ ठेव.

रिडायरेक्ट होणारा पसारा आवरायला ग्रुप पॉलिसीत ‘प्रिंटर रिडायरेक्शन’ नावाचा कप्पा आहे, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या खाली. तिथे ‘फक्त डिफॉल्ट प्रिंटर आण’ असं एक सेटिंग मिळतं. लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवरचे फॅक्स, वननोट आणि पीडीएफवाले प्रिंटर बरोबर येतात ना, ते याने थांबतात. फक्त ज्या शाखेत एकाच टेबलावर लेझर आणि चेक छापायचा डॉट मॅट्रिक्स असे दोन आहेत, तिथे दुसरा गायब होईल, तेव्हा त्यांना यातून वगळ. हे सेटिंग युजरच्या बाजूलाही मिळतं, म्हणून तसं करता येतं. आणि डिफॉल्ट प्रिंटर सारखा बदलतो अशी तक्रार आली, तर ‘विंडोजला माझा डिफॉल्ट प्रिंटर सांभाळू दे’ हा पर्याय चालू आहे का ते बघ. तो चालू असला की शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होऊन बसतो. बंद कर.

डॉट मॅट्रिक्सचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. विंडोज सर्व्हर २००८पासून ‘ईझी प्रिंट’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे सर्व्हरवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर ठेवावा लागत नाही, आणि लेझर, इंकजेटला ती छान चालते. पण ती पान चित्रासारखं पाठवते, आणि डॉट मॅट्रिक्स ते चित्र कुरकुरत, हळूहळू, पुसट काढत बसतो. चेकवरची रक्कम चौकटीबाहेर गेली की बँक ऐकत नाही. तिथे सर्व्हरवर त्या प्रिंटरचा खरा ड्रायव्हर बसव, नाव शाखेतल्या कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, आणि ‘आधी ईझी प्रिंट वापर’ ही पॉलिसी बंद कर. मात्र ही पॉलिसी कॉम्प्युटरच्या बाजूने लावलीस तर ती अख्ख्या सर्व्हरला लागू होते, म्हणून बाकीच्या शाखांतून एकेक प्रिंट काढून बघ आणि मगच हात धू.

ज्याला प्रिंटर दिसतच नाही, त्याचं कारण बहुधा साधं निघतं. त्याच्या रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये प्रिंटरची टिक निघालेली असते. आधी ते बघायचं. स्पूलर रिस्टार्ट करायची घाई करू नकोस, कारण सर्व्हरवर स्पूलर सगळ्यांचा मिळून एकच असतो. एकीची प्रिंट सोडवायला गेलीस आणि दहा जणांची थांबली, असं व्हायला नको.

फोल्डरचं थोडक्यात. ड्राइव्ह ‘लपवायची’ पॉलिसी म्हणजे संरक्षण नव्हे. ज्याला पाथ माहीत आहे तो टाइप करून आत शिरू शकतो. पगाराच्या फोल्डरला खरं कुलूप फक्त त्याच्या परवानग्यांचं, आणि त्याही ग्रुपवरच.

हे सगळं जमेल गं तुला. अवघड जाईल ते सरांना समजावणं. ‘ऑफिस माझं, मग मी अ‍ॅडमिन का नको?’ असं ते म्हणणारच, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. भांडू नकोस. त्यांना दोन अकाउंटं कर. रोजच्या कामाला साधं, आणि अ‍ॅडमिनचं वेगळं, ज्याचा पासवर्ड बंद पाकिटात त्यांच्याच कपाटात राहील. मालकी त्यांचीच राहते आणि रोज शाखाशाखांचे प्रिंटर त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत नाहीत. ‘सर, तुमची प्रिंट चुकून दुसऱ्या गावात जाऊ नये म्हणून’ एवढंच सांग, ते पटतं. स्वतःलाही हाच नियम लाव, बरं का. टॅलीत एंट्र्या करायला अ‍ॅडमिन अकाउंट उघडायचं नाही. शिवाय ‘टेस्ट’ नावाचं एक अगदी साधं अकाउंट ठेव आणि प्रत्येक बदल त्यातून लॉगिन होऊन बघ. अ‍ॅडमिन म्हणून तुला जे दिसतं ते लोकांना दिसत नसतं, आणि फोनवरची निम्मी गैरसमजूत तिथेच होते.

एक विनंती, हे सगळं जुलैअखेरच्या रिटर्न्सच्या किंवा सप्टेंबरअखेरच्या टॅक्स ऑडिटच्या गर्दीत काढू नकोस. एखादा शनिवार निवड, आत्ता कोण कोण अ‍ॅडमिन आहे त्याची यादी कागदावर उतरव, आणि आहेत त्या परवानग्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येईल. एका दिवसात सगळं करायचं नाही. पगारपत्रकाचा प्रिंटर पहिला घे. बाकीचे पुढच्या शनिवारपर्यंत थांबतील.